ओटीजीचे खालचे दोन्ही रॉड एकदम गार पडले, तर रॉड आणण्याआधी काय तपासायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरी ३० लिटरचा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) आहे, मागच्या पाटीवर २३० व्होल्ट, १५०० वॅट लिहिलंय. वरचे दोन रॉड नेहमीसारखे लाल होतात, खालचे दोन्ही मात्र एकाच दिवशी गार पडले. केक वरून करपतो आणि तळाला लगदा राहतो. दुरुस्तीवाला न उघडताच म्हणाला, "दोन्ही रॉड उडालेत, त्यापेक्षा नवीनच घ्या." हे खरं असेल का, आणि रॉड घरी बदलता येईल का, हे तुम्हाला विचारायचंय.

दोन्ही रॉड एकाच दिवशी जळायची शक्यता फार कमी. ओटीजीच्या बऱ्याच मॉडेलांत खालचे दोन रॉड सिरीजमध्ये जोडलेले असतात, म्हणजे करंट एकातून जाऊन दुसऱ्यातून परत येतो. दिवाळीच्या जुन्या माळेत एक बल्ब गेला की अख्खी ओळ विझायची, तसंच हे. त्यामुळे 'दोन्ही बंद' याचा अर्थ वाटेत कुठेतरी एका जागी तार तुटलीय, एवढाच. ती जागा एखाद्या रॉडच्या आत असेल, रॉडच्या टोकावर बसवलेल्या वायरीच्या टोपीवर, म्हणजे लगवर असेल, मधल्या वायरीत असेल किंवा वर, खाली, दोन्ही यांतलं निवडायच्या कळेच्या, म्हणजे सिलेक्टर स्विचच्या पोटात असेल. 'रॉड गेला' म्हणून आलेल्या ओटीजीत रॉड शाबूत आणि लग जळून कोळसा, हा प्रकार मला इतक्यांदा दिसतो की मीटरवर रॉड स्वतः ओपन (म्हणजे आतून तुटलेला) दाखवेपर्यंत मी नवा रॉड मागवतच नाही.

तुमच्या बाबतीत अर्धा शोध आधीच लागलाय. वरचे रॉड तापतायत, म्हणजे पिन टॉप (प्लग), वायर, टायमर आणि आच ठरवणारा थर्मोस्टॅट हे चौघं निर्दोष. ओव्हनमध्ये करंट आधी यांच्यातून जातो आणि मग सिलेक्टरपाशी वर आणि खाली अशा दोन वाटा फुटतात. दोष त्या फाट्याच्या पुढे, खालच्या वाटेवर आहे. (ज्यांचा ओव्हन पूर्णच बंद आहे त्यांनी आधी टायमर बघावा. टायमर शून्यावर असेल तर थर्मोस्टॅट कितीही फिरवला तरी काही होत नाही, आणि नव्या ओटीजीच्या निम्म्या तक्रारी इथेच संपतात. कमी मिनिटं लावायची असली तरी टायमरची कळ आधी वीसच्या पुढे नेऊन मग मागे आणायची.)

पेचकस हातात घेण्याआधी एक चाचणी करा, तिला मल्टिमीटरसुद्धा लागत नाही. घरातला फ्रिज, पंखे, गीझर, सगळं बंद करून फक्त ओटीजी चालू ठेवा आणि विजेच्या मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा एक मिनिटभर मोजा. एका युनिटला किती लुकलुक, ते मीटरवरच छापलेलं असतं. समजा ३२०० लिहिलंय. १५०० वॅटचा ओव्हन तासाला दीड युनिट खातो, म्हणजे ४८०० लुकलुक, म्हणजे मिनिटाला ८०. सिलेक्टर 'दोन्ही'वर ठेवून, ओव्हन थंड असताना, थर्मोस्टॅट शेवटच्या टोकाला लावून मोजायचं. ८० च्या जागी ४० भरले तर एक जोडी पूर्ण बंद आहे. ७० च्या आसपास भरले तर रॉडच्या दोन्ही जोड्या चालू आहेत आणि घरात व्होल्टेज कमी येतंय.

हा व्होल्टेजचा मुद्दा मी मुद्दाम काढतोय. उन्हाळ्यात गावाकडे संध्याकाळी २३० च्या जागी २०० व्होल्टच येतात, तेव्हा तोच ओव्हन तीन चतुर्थांश ताकदीनेच तापतो, कारण वॅट व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतात. १८० व्होल्ट असतील तर साठ टक्क्यांच्या आसपास. नानकटाई पसरते, पाव फुगत नाही, आणि दोष रॉडला लागतो. असा ओव्हन दुपारी बारा वाजता पुन्हा लावून बघावा.

आता मल्टिमीटर. बाजारात मिळणारा पिवळा साधा मीटर पुरतो. प्लग सॉकेटमधून बाहेर काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण भिंतीवरचं बटण एकच तार तोडतं आणि जुन्या वायरिंगमध्ये ती कधी कधी न्यूट्रल निघते. मग बटण बंद असूनही आत फेज जिवंतच राहतो. प्लग काढल्यावर मीटर २०० ओहमच्या रेंजवर लावा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप), दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून बघा (०.३ ते ०.५ दिसेल, ती मीटरच्या वायरीची स्वतःची भर, ती नंतर वजा करायची) आणि ती टोकं प्लगच्या दोन बारीक पिनांना लावा. टायमर चालू, थर्मोस्टॅट पूर्ण, आणि सिलेक्टर पाळीपाळीने वर, खाली, दोन्ही. आत दिवा असेल तर बल्ब काढून ठेवा, आणि पंखा किंवा कबाबची मोटर असलेल्या सेटिंगवर मोजू नका, नाहीतर त्यांचं रीडिंग मिसळतं.

किती यायला पाहिजे? व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट. २३० चा वर्ग ५२,९००. तुमच्या ओव्हनची वरची जोडी ७५० वॅटची धरली तर ७० ओहम. खालची तेवढीच. 'दोन्ही'वर ३५. तुमच्याकडे बहुधा 'वर' ७०, 'खाली' काहीच नाही (मीटर डावीकडे नुसता १ किंवा ओएल दाखवेल) आणि 'दोन्ही'वर पुन्हा ७० असं दिसेल. थंड आणि तापलेल्या रॉडच्या ओहममध्ये थोडाच फरक पडतो, कारण आतली निक्रोम तार या बाबतीत मोठी स्थिर आहे. बल्बच्या टंगस्टनचं तसं नसतं, म्हणूनच आतला बल्ब काढायला सांगितला.

इथपर्यंत ओव्हन उघडलेला नाही, आणि इथेच एक सूचना. ओव्हन वॉरंटीत असेल तर उघडू नका. स्टिकर फाटलं की कंपनी हात वर करते. आणि तुमच्या घरात 'ओव्हन' म्हणजे मायक्रोवेव्ह असेल, कन्व्हेक्शनवाला का असेना, तर त्याला हातच लावू नका. त्यातला कपॅसिटर हजारो व्होल्टचा असतो आणि प्लग काढल्यावरही चार्ज धरून राहू शकतो. ते काम त्यातल्या माणसाचंच. ओटीजीत असं काही साठून राहत नाही, म्हणून तो घरी उघडता येतो.

उघडताना ओव्हन पूर्ण गार हवा. ट्रे, जाळी, खालचा चुऱ्याचा पत्रा काढून घ्या आणि दाराला टॉवेल गुंडाळा, काच त्यातच जपली जाते. मागचे आणि तळाच्या कडेचे स्क्रू निघाले की वरचं कव्हर किंवा दोन्ही बाजूंचे पत्रे सुटतात. हातमोजे घाला. करंटपेक्षा या पत्र्याच्या कडांनीच जास्त बोटं कापतात. उजव्या बाजूला, कळांच्या मागे, स्विच आणि वायरींचं जाळं दिसेल. डाव्या बाजूला फक्त रॉडची टोकं आणि त्यांना जोडणारी पट्टी किंवा छोटी वायर. काहीही हलवण्याआधी मोबाइलवर चार-पाच फोटो काढा. थर्मोस्टॅटपासून ओव्हनच्या आत गेलेली तांब्याची केसासारखी बारीक नळी दिसली तर तिला अजिबात वाकवू नका. ती चेमटली की थर्मोस्टॅट कायमचा गेला.

आता नुसतं बघा. रॉडच्या टोकावर बसवलेली वायरीची टोपी, म्हणजे लग, काळीनिळी पडली असेल, तिच्याजवळचं वायरीचं आवरण भाजून चुरा झालं असेल, तर गुन्हेगार सापडला. लग सैल झाला की तिथे रेझिस्टन्स वाढतो, म्हणून तिथे उष्णता वाढते, उष्णतेने लगचं स्प्रिंगपण जातं, तो आणखी सैल होतो. हे चक्र काही महिने चालतं आणि एक दिवस जोड सुटतो. डावीकडची जोडपट्टीही अशीच बघा. ओव्हन ज्या बाजूने भिंतीला चिकटून ठेवलेला असतो त्या बाजूचे जोड लवकर जातात, असा माझा अनुभव आहे. हवा खेळायला चारी बाजूंनी चार बोटं जागा हवी.

जोड ठीक दिसले तर रॉड मोजायचा. खालच्या प्रत्येक रॉडचं एक टोक वायरीपासून मोकळं करा, नाहीतर मीटर दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने फिरून येऊन फसवतो. मग रॉडच्या दोन टोकांत मोजा. इथे येणारा आकडा पुढच्या खरेदीसाठी सोन्यासारखा आहे. ३५ ओहमच्या आसपास आला तर तो ११५ व्होल्ट, ३७५ वॅटचा रॉड, सिरीजमध्ये जोडण्यासाठी बनवलेला. १४० च्या आसपास आला तर तो २३० व्होल्टचा, आणि दोन्ही रॉड समांतर, म्हणजे प्रत्येकाला पूर्ण व्होल्टेज वेगळं मिळेल असे, जोडलेले आहेत. तुमचे दोन्ही एकदम बंद पडलेत, तेव्हा पहिलीच शक्यता जास्त. एक रॉड ३५ दाखवेल आणि दुसरा काहीच नाही. ज्याने काहीच दाखवलं नाही तो गेला. दोघांनीही ३५ दाखवले तर दोन्ही चांगले आहेत. मग सिलेक्टर स्विचची पाळी. त्याची कळ 'खाली'वर ठेवून, येणारी आणि खालच्या रॉडकडे जाणारी अशा त्याच्या दोन टोकांत मीटर लावा. शून्याजवळ यायला पाहिजे. आकडा नाचत असेल, कळ हलवली की येत-जात असेल, तर आतला कॉन्टॅक्ट जळालाय. स्विच रॉडपेक्षा स्वस्त आणि बदलायला सोपा.

अजून एक मोजणी बाकी आहे आणि ती बहुतेक जण करत नाहीत: रॉडचं टोक आणि रॉडची बाहेरची नळी यांच्यामध्ये, मीटरच्या सगळ्यात मोठ्या ओहम रेंजवर. इथे काहीही दिसता कामा नये. रॉडची रचना अशी की मधोमध निक्रोमची कॉइल, भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची दाबून भरलेली पांढरी पूड, आणि बाहेर स्टीलची नळी. पूड उष्णता जाऊ देते, वीज अडवते. पण ही पूड हवेतली ओल ओढून घेते. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात महिनाभर न वापरलेला ओटीजी लावला आणि घरातला ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडला, तर नव्याण्णव टक्के रॉड जळालेला नसतो, दमट झालेला असतो. असा रॉड बाहेर काढून दुसऱ्या ओव्हनमध्ये दोनेक तास १२० अंशांवर ठेवला की पुष्कळदा बरा होतो. साधा मल्टिमीटर फक्त नऊ व्होल्टच्या बॅटरीवर बघतो, त्यामुळे त्याला कमकुवत इन्सुलेशन दिसत नाही. शंका असेल तर ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) असलेल्या वायरमनकडून तपासून घ्या. आणि ईएलसीबी पडतो म्हणून प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून ओव्हन चालवणारे महाभाग मी पाहिलेत. ते करू नका. ओव्हनचा पत्रा जिवंत होतो आणि ओल्या हाताने दार उघडणारा माणूस जिवाला मुकतो.

नळीवर कुठे फोड आलाय का, टाचणीएवढं भोक पडून पांढरी पूड डोकावतेय का, हेही बघा. असं दिसलं तर ओहम बरोबर आले तरी तो रॉड बाद.

छोट्या, नऊ-दहा लिटरच्या ओटीजीत धातूऐवजी क्वार्ट्झच्या काचेच्या नळ्या असतात, आत कॉइल उघडी दिसते. तिथे मीटरची गरजही कमी पडते. तुटलेली कॉइल डोळ्यांना दिसते, तुटल्या जागी काळा डाग असतो. पण नवी नळी बसवताना उघड्या बोटांनी धरू नका. घामातले क्षार काचेवर राहतात आणि तापल्यावर तिथे काच पांढरी पडून तडकते. कागदात धरा, आणि हात लागलाच तर स्पिरिटने पुसा.

रॉड जातात का? निक्रोम म्हणजे निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू, अल्बर्ट मार्शने १९०६ मध्ये त्याचं अमेरिकी पेटंट मिळवलं आणि टोस्टरपासून शेगडीपर्यंत सगळं शक्य झालं. लाल तापला की त्याच्यावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि तोच त्याला पुढे गंजू देत नाही. पण प्रत्येक वेळी तापणं-निवणं यात तो थर थोडा थोडा तडकतो. तार कुठे जरा बारीक झाली की तिथे जास्त तापते, जास्त तापली की आणखी बारीक होते. हे नैसर्गिक म्हातारपण. अकाली मरण मात्र आपण ओढवतो. चुऱ्याच्या पत्र्यावर ॲल्युमिनियम फॉइल अंथरायची सवय सगळ्यात वाईट: साफसफाई वाचते, पण उष्णता परावर्तित होऊन खालच्याच रॉडवर येते, आणि फॉइल उचलून रॉडला टेकली तर तिथे चिकटून बसते. चीज, तूप, साखरेचा पाक रॉडवर सांडून जळला की त्या जागी रॉड जास्त तापतो. गरम रॉडवर ओलं फडकं फिरवणं हे आणखी एक. तुमचे खालचे रॉड बंद पडलेत, वरचे नाहीत, यात नवल काहीच नाही. सांडतं ते खालीच. वरचे रॉड जातात ते ग्रिल फार वापरणाऱ्यांचे. गोव्याकडच्या ज्या घरांत बेबिंका ओव्हनमध्ये थरावर थर चढवून करतात, तिथे वरचीच आच तासन् तास चालते, आणि तिथे तक्रारही वरच्या रॉडचीच येते.

आता खरेदी. जुना रॉड बाहेर काढून बरोबर न्या, फोटोवर विश्वास नको. त्याच्या टोकाजवळ व्होल्ट आणि वॅट बारीक ठोकलेले असतात. पुसले गेले असतील तर त्याच्या भावाचे, म्हणजे चांगल्या रॉडचे, मोजलेले ओहम सांगा. एकूण लांबी, नळीची जाडी, आणि टोक कसलं आहे ते बघा: नट-बोल्टचं की चपट्या पात्याचं. मुंबईत लोहार चाळीत, पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या आसपास हे रॉड मिळतात. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून मॉडेल नंबर देऊन मागवले तर उत्तम.

व्होल्टवर मी इतका जोर का देतोय ते ऐका. दुकानदार म्हणेल, "साहेब, लांबी तीच आहे, २३० चा घ्या, सगळीकडे चालतो." सिरीजच्या जोडीत एक ३५ ओहमचा जुना आणि एक १४० ओहमचा नवा बसवला, तर जोडीचे ७५० वॅट घसरून ३०० वर येतात, आणि त्यातले २४० नव्या रॉडमधून, ६० जुन्यातून. केकची एक बाजू भाजलेली, दुसरी ओली. उलट चूक तर आणखी वाईट: समांतर जोडणीत ११५ व्होल्टचा रॉड २३० वर लागला तर ३७५ वॅटच्या रॉडमध्ये १५०० वॅट शिरतात. तो काही मिनिटांत जातो, जाताना वायरीही भाजून जातो. एकच रॉड गेला असेल तर एकच बदला. मात्र दुसऱ्यावर फोड किंवा डाग असतील तर जोडी बदललेली बरी, कारण उघडायचे कष्ट तेवढेच.

काढणं आणि बसवणं. टोकाला नट असेल तर एका पकडीने आतला नट घट्ट धरा आणि दुसऱ्या पान्याने बाहेरचा फिरवा. नुसता बाहेरचा फिरवला तर टोकाची पिन आतून पिळते, सिरॅमिकचा मणी तडकतो, आणि नवा रॉड बसवण्याआधीच खराब होतो. गंजलेला असेल तर गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब टाकून पंधरा मिनिटं थांबा, आणि ते तेल नंतर नीट पुसा. चपट्या पात्याचा लग सरळ ओढायचा, वायरीला धरून नाही, लगला धरून. रॉड धरून ठेवणारी पट्टी किंवा क्लिप सुटली की रॉड एका बाजूला सरकवून तिरका बाहेर येतो.

नवा बसवताना दोन्ही टोकं आवळून टाकायचा मोह आवरा. ४० सेंटिमीटरचा स्टीलचा रॉड लाल तापेपर्यंत तीन-चार मिलिमीटर लांब होतो. एक टोक पक्कं आणि दुसऱ्याला सरकायला जागा, असंच मूळ बनवणाऱ्यानेही ठेवलेलं असतं. ते तसंच ठेवा. नाहीतर रॉड तापल्यावर धनुष्यासारखा वाकून ट्रेला टेकतो.

आणि जोड. जळका लग तसाच नव्या रॉडवर चढवला तर पाच-सहा महिन्यांत तुम्ही पुन्हा याच ठिकाणी असाल. काळी पडलेली वायर चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापा, नवा लग क्रिंपिंगच्या पकडीने दाबा आणि ओढून बघा. लग निकेल चढवलेल्या स्टीलचा मागा, साधा पितळी नको. वायर आखूड पडली तर तेवढा तुकडा सिलिकॉन किंवा फायबरग्लास आवरणाच्या वायरीने बदला. घरातली साधी पीव्हीसी वायर ७० अंशांसाठी असते, या कप्प्यात ती वितळते. डाग (सोल्डर) देऊ नका, शिसं-कथलाचा डाग १९० अंशांच्या आसपास पातळ होतो. इन्सुलेशन टेप तर नकोच. दोन वायरी जोडायच्याच असतील तर चिनीमातीचा कनेक्टर. सगळं झालं की फोटोशी ताडून बघा, एकही वायर पत्र्याला किंवा रॉडच्या नळीला टेकत नाही ना ते पाहा.

पत्रे लावल्यावर, प्लग लावायच्या आधी, पुन्हा तीच मोजणी: 'वर' ७०, 'खाली' ७०, 'दोन्ही' ३५. मग मीटरचं एक टोक प्लगच्या जाड पिनेला आणि दुसरं पत्र्यावरच्या एखाद्या उघड्या स्क्रूला, तिथे शून्याजवळ आलं पाहिजे. आणि जाड पिन ते बारीक पिना, तिथे काहीच नाही. हे तिन्ही जमलं तरच प्लग लावा, तोही १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये. १५०० वॅट म्हणजे साडेसहा अँपिअर. सहा अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर ओव्हन चालवणाऱ्यांचे बोर्ड वितळलेले मी नेहमी बघतो.

पहिल्यांदा रिकामाच तापवा. दहा मिनिटं कमी आचेवर, मग अर्धा तास २०० अंशांवर, खिडकी उघडी ठेवून. नव्या रॉडवरचं तेल जळून थोडा धूर आणि वास येतो, तो एकदाच. गार झाल्यावर जाळीवर कडेला कड लावून पांढऱ्या ब्रेडच्या स्लाइस मांडा, 'खाली'च्या सेटिंगवर काही मिनिटं ठेवा आणि उलट्या करून बघा. कुठली बाजू तांबूस, कुठली फिकी, हे ब्रेड स्वच्छ दाखवतो. थोडा फरक राहणारच, दाराकडची बाजू जरा मंदच असते.

तुमच्या पत्रात नव्हतं, पण परदेशातले नातेवाईक हेच विचारतात म्हणून दोन ओळी. अमेरिकेतल्या मोठ्या ओव्हनमध्ये तळाचा एलिमेंट एकच, २४० व्होल्टचा, मागच्या भिंतीला दोन स्क्रूंनी धरलेला असतो आणि पुढूनच बाहेर ओढता येतो. लग काढण्याआधी वायरीला कपड्याचा चिमटा लावा, नाहीतर ती भोकातून मागे जाते आणि अख्खा ओव्हन ओढून काढावा लागतो. तिथे दोन्ही तारा जिवंत असतात, त्यामुळे कळ बंद असूनही एलिमेंटवर करंट राहू शकतो. ब्रेकर पाडल्याशिवाय हात घालू नये.

हे सगळं वाचून नको वाटलं तर बोलवा माणसाला, त्यात कमीपणा नाही. फक्त त्याला तुमच्यासमोर रॉडचं एक टोक सोडवून मीटर लावायला सांगा, आकडा स्वतः बघा, आणि बदललेला रॉड परत मागून घ्या. जो मीटर न काढताच "दोन्ही उडालेत" म्हणतो, त्याच्याकडे ओव्हन सोडू नका. थर्मोस्टॅट चिकटून ओव्हन आचेवर थांबतच नसेल, दाराची काच तडकली असेल किंवा तळाचा पत्रा गंजून भोकं पडली असतील, तर मात्र रॉडवर पैसे घालू नका. तिथे त्याचं 'नवीन घ्या' बरोबर आहे.